काशीदचा वारा, ओली तंबाखू आणि पोळलेली जीभ

काशीदला सुट्टीसाठी येणाऱ्यांत पाइप ओढणारे मोजकेच, पण त्यांची तक्रार ठरलेली असते. घरी गॅलरीत बसून ज्या पाइपने कधी त्रास दिला नाही, तोच इथे सुरूच्या बनात बसून ओढला की संध्याकाळपर्यंत जीभ चुरचुरायला लागते. टोक आणि कडा लाल होतात. रात्री माशाच्या कालवणाचा पहिला घास तोंडात गेला की डोळ्यांत पाणी येतं, आणि सकाळच्या चहाला चवच लागत नाही. मग दोष तंबाखूच्या माथी मारला जातो. कडक निघाली, भेसळीची असेल, डबा जुना असेल, असं काहीबाही बोललं जातं.

तंबाखूचा वाटा असतो, नाही असं नाही. पण जीभ पोळते ती मुख्यतः ओलाव्याने आणि घाईने. काशीदच्या किनाऱ्यावर ओलावा हवेतून मिळतो आणि घाई वारा करायला लावतो. या दोन गोष्टी सांभाळल्या तर हा त्रास बराचसा टळतो.

मात्र आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जीभ पोळली नाही म्हणजे पाइप निर्धोक झाला, असं अजिबात नाही. पाइपचा धूर छातीत न घेता नुसता तोंडात खेळवला तरी ओठ, जीभ, टाळू आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. हा लेख पाइप आधीपासून ओढणाऱ्यांसाठी आहे. जो ओढत नाही, त्याने यातलं काही वाचून सुरुवात करू नये.

आता जीभ पोळते कशी ते पाहू. तंबाखूत पाणी असतं, आणि जळतानाही थोडं पाणी तयार होतं. निखाऱ्याच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि झुरक्याबरोबर ती नळीतून सरळ जिभेवर येते. कोरडी गरम हवा आणि वाफ यांत मोठा फरक आहे. १०० अंशांची १ ग्रॅम वाफ नुसती पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. तेच पाणी पुढे १०० अंशांवरून शरीराच्या ३७ अंशांपर्यंत निवताना जेमतेम ६३ कॅलरी सोडतं. मोदकपात्राचं झाकण उघडताना बोटांना जो चटका बसतो, तो याच हिशेबाने. ओली तंबाखू भरून भराभर झुरके घेणारा माणूस जिभेच्या त्याच त्या जागेवर असे चटके देत राहतो. जीभ लगेच बोलत नाही, तासाभराने बोलते, म्हणून कारण लक्षात येत नाही.

चटक्याच्या जोडीला धुरातली रसायनं असतात. भट्टीच्या उष्ण हवेत सुकवलेल्या व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर भरपूर असते. तिचा धूर आम्लाकडे झुकतो आणि ही पानं भरभर जळतात. सावलीत, नुसत्या हवेवर सुकवलेल्या बर्लीत साखर जवळजवळ नसते. तिचा धूर अल्कधर्मी, आणि निकोटिन जास्त. अल्कधर्मी धुरातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. धूर गिळला नाही, छातीत घेतला नाही, तरी पाइपवाल्याला तलफ लागते ती यामुळेच. कुणाची जीभ व्हर्जिनियाने चुरचुरते, कुणाची बर्लीने. त्यामुळे मित्राला मानवलेली तंबाखू तुम्हाला मानवेलच असं नाही. धुरी देऊन तयार केलेली लटाकिया वासाला उग्र असते, पण जिभेला बहुधा सौम्य लागते. व्हॅनिला-चेरीच्या वासाच्या गोड मिश्रणांपासून मात्र सावध राहा. ती ओलसर राहावीत म्हणून त्यांत अनेकदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, ते ओलावा धरून ठेवतं आणि कितीही वाळवलं तरी पान पुरतं सुकत नाही. नवशिके वासाला भुलून नेमकी हीच निवडतात.

आणि विडीची तंबाखू पाइपमध्ये भरू नका. निपाणीकडची ती तंबाखू विडीसाठीच बनवलेली असते. कण बारीक, निकोटिन जास्त. पाइपच्या वाटीत तिचा निखारा भडकतो, बारीक कण नळीतून थेट जिभेवर येतात आणि डोकं गरगरतं ते वेगळंच.

आता काशीदकडे वळू. रेवदंड्याहून कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडायचा, साळाव, कोर्लई, बारशिव मागे टाकायचं, की डाव्या हाताला फणसाडचा डोंगर आणि उजव्या हाताला उघडा समुद्र लागतो. किनारा सरळ आणि मोकळा आहे, वाऱ्याला आडोसा म्हणजे फक्त सुरूची रांग. दुपारी खारे वारे जोरात असतात. वाऱ्यात पाइप धरला की तुम्ही झुरका घेत नसलात तरी वारा निखारा फुलवत राहतो. वाटी तापते, तंबाखू भराभर जळते. दुसरीकडे तोच वारा विझवतोही, म्हणून माणूस जोरजोरात ओढून विस्तव टिकवू पाहतो. दोन्हींचा मार जिभेवर पडतो.

यावर पहिला उपाय वेळेचा. रात्री आणि पहाटे वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, ते मतलई वारे. त्यांचा जोर कमी असतो, आणि सकाळी ते पडून खारे वारे सुरू होईपर्यंत मध्ये थोडा वेळ हवा जवळजवळ थांबते. पाइप ओढायचाच असेल तर ही वेळ बरी. दुपारी किनाऱ्याऐवजी मुक्कामाच्या घराच्या मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला बसा. वाटीवर बसवायचं जाळीदार धातूचं झाकण मिळतं, तेही कामाचं आहे. त्याने ठिणगी उडत नाही, आणि सुरूच्या बनात हे फार महत्त्वाचं आहे. खाली वाळक्या सुयांचा थर असतो, तो ठिणगीने धरतो. तिथे पाइप झटकू नका, राख डबीत घ्या. फणसाड अभयारण्यात तर पाइप खिशातूनही काढू नये. जंगलात विस्तव नकोच. हॉटेलच्या जेवणाच्या खोलीसारख्या सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

ओलाव्याचं काम जास्त चिकाटीचं. तंबाखूचं पान हवेतला दमटपणा शोषून घेतं. पाइपसाठी पानात साधारण १२ ते १४ टक्के पाणी असलं की ती नीट जळते. पुण्याच्या मार्चमधल्या हवेत डबा उघडा राहिला तर तंबाखू कुरकुरीत होते, आणि काशीदला जुलैत उघडा राहिला तर ती ओली होते. पावसाळ्यात 'थोडी पसरून ठेवली, वाळेल' हा घरचा अनुभव इथे उलटा पडतो. पसरलेली तंबाखू तासाभरात आणखी जड झालेली असते.

म्हणून इथे येताना घरीच तंबाखू हव्या त्या कोरडेपणावर आणा आणि घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बरण्यांत, एका वेळेपुरती वेगवेगळी भरा. मोठा डबा पुन्हापुन्हा उघडला की प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते. इथे आल्यावर ओली वाटलीच तर वातानुकूलित खोलीत कागदावर पातळ पसरा; एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, त्यामुळे बाहेर दिवसभरात होणार नाही ते काम तिथे अर्ध्यापाऊण तासात होतं. एसी नसेल तर जुन्या पद्धतीच्या पिवळ्या बल्बखाली ताट ठेवा. कडक उन्हात किंवा तव्यावर वाळवू नका, पान ठिसूळ होतं आणि वास उडून जातो.

वाळली की नाही हे हाताने ओळखायचं. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबा आणि सोडा. गोळा तसाच चिकटून राहिला तर ओली आहे. कुरकुर आवाज होऊन भुगा पडला तर जास्त कोरडी. दाबल्यावर एकत्र आली आणि सोडल्यावर सावकाश, एकेक पान सुटं होत मोकळी झाली, बोटांना गारवा लागला नाही, की भरायला तयार. डब्यातून काढलेली तंबाखू बहुधा या अवस्थेला नसतेच, कारण बनवणारा ती वाळू नये म्हणून मुद्दाम ओलसर ठेवतो. 'ताजी ती चांगली' ही समजूत भाजीला ठीक आहे, पाइपला नाही. पानांवर पांढरी बुरशीची लव दिसली, कुबट वास आला, तर सगळी फेकून द्या. वाळवून वापरण्याचा मोह धरू नका.

भरण्यात बहुतेकांचं चुकतं ते तळाशी. वाटीत तळाला तंबाखू सैल, नुसती सोडलेली हवी. मधला थर हलका दाबलेला, वरचा त्याहून थोडा घट्ट. भरून झाल्यावर न पेटवता झुरका घेऊन पाहा. शहाळ्यातली स्ट्रॉ ओढताना लागतो तेवढाच किंचित अडथळा हवा. गाल आत जाईपर्यंत ओढावं लागलं तर सगळी काढा आणि पुन्हा भरा. तशीच पेटवून 'होईल मोकळी' म्हणणारा पुढचा अर्धा तास जोर लावून ओढत बसतो, आणि जोराने ओढणं म्हणजे निखाऱ्याला भाता लावणं.

पेटवायचं दोनदा. पहिल्यांदा काडी गोल फिरवत वरचा थर सगळीकडून काळा करायचा. पानं फुगून वर येतात, ती टॅम्परने अलगद बसवायची, दाबायची नाहीत. मग दुसऱ्यांदा पेटवायचं. इथल्या दमट हवेत काडेपेटी सादळते आणि चार काड्या फुकट जातात. साधा गॅसचा लायटर बरा, पण जेटसारखी निळी ज्योत फेकणारा नको. त्याने वाटीची कड जळते.

आणि मग सगळ्यांत अवघड भाग, हळू ओढणं. सिगारेट सोडून पाइपकडे आलेल्यांना हे जड जातं. सिगारेटची सवय झुरका छातीत घ्यायची, चार-पाच मिनिटांत संपवायची आणि दिसेलसा धूर काढायची. पाइपला यातलं काहीच चालत नाही. मिनिटाला दोन-तीन हलके घोट पुरेत, गरम दूध चाखताना घ्यावेत तेवढे लहान. धूर दिसलाच पाहिजे असं नाही. मध्ये नुसता श्वास नळीतून अलगद बाहेर सोडला तरी निखारा जिवंत राहतो. विझला तर विझू द्या. विझलेला पाइप पुन्हा पेटवणं यात कमीपणा नाही. तो विझू नये म्हणून धडपडणं हेच जीभ पोळण्याचं सगळ्यांत मोठं कारण आहे. वाटी मधूनमधून गालाला लावून पाहा. गालाला सहन होत नसेल तर पाइप खाली ठेवा, दहा मिनिटं समुद्र बघा, मग पेटवा.

नळीत गुरगुर आवाज यायला लागला की आत पाणी जमलंय. तेव्हा पाइप क्लीनर नळीतून आत सारायचा, क्षणभर ठेवायचा आणि ओढून काढायचा. तो तपकिरी आणि ओला निघेल. ते पाणी जिभेवर आलं असतं. शिवाय नळीचं टोक एकाच जागी रोखून धरू नका, धूर सतत जिभेच्या त्याच बिंदूवर आपटतो. टोक थोडं वर टाळूकडे, मग गालाकडे, असं फिरवत राहा. तळातली शेवटची चिमूट ओली आणि कडू असते. ती संपवण्याचा हट्ट नको, टाकून द्या. सोबत साध्या पाण्याचे किंवा शहाळ्याचे घोट घेत राहा. कोरड्या तोंडाची जीभ लवकर पोळते, म्हणूनच दारूबरोबर पाइप जास्त बाधतो.

धूर गार करण्याची ही धडपड नवी नाही. अकबराच्या दरबारात तंबाखू पोचली ती विजापूरहून. असद बेग हा त्याचा वकील १६०४-०५च्या सुमारास आदिलशाहीतून परतला, त्याने बादशहाला भेट म्हणून तंबाखू आणि रत्नजडित पाइप नेला, आणि त्या पाइपची नळी तीन हात लांब होती. एवढ्या लांब नळीतून येता येता धूर निवतो आणि वाफ वाटेतच पाणी होऊन राहते. पुढे हुक्क्याने तो पाण्यातून फिरवला. आपल्या खेड्यांतल्या चिलमीला नळीच नसते, म्हणून तिच्या बुडाशी खडा आणि तोंडाशी ओल्या फडक्याची छापी. खडा निखारा अडवतो, छापी धूर गार करते. पण गार झालेला धूर कमी विषारी असतो असं मुळीच नाही. हुक्क्याबद्दल हाच गैरसमज पसरला, पाण्याने धूर 'धुतला जातो' म्हणून. पाण्याने तो फक्त सुसह्य होतो, आणि सुसह्य झाला की माणूस जास्त वेळ ओढतो.

पाइप घ्यायचाच असेल तर नळी जरा लांब आणि वाटीची भिंत जाड बघा. ब्रायरच्या लाकडाचा पाइप नवा असताना पहिले काही दिवस अर्धीच वाटी भरा. आतून काळा थर बसतो, तो भिंतीला आणि जिभेला दोन्हींना सांभाळतो. थर नाण्याच्या जाडीपेक्षा वाढू देऊ नका, जास्त झाला की वाटी तडकते. मक्याच्या कणसाचा पाइप स्वस्त आणि ओलावा शोषणारा. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून तो बनतो आहे. दमट हवेत एखादा असा पाइप जवळ असावा असं माझं मत आहे. ओढून झालेला पाइप एरवी एक दिवस विश्रांतीला ठेवतात. काशीदच्या पावसाळ्यात दोन-तीन दिवस ठेवा, कारण लाकूड वाळतच नाही. काळी व्हल्कनाइटची नळी उन्हात वाळूवर पडून राहिली तर हिरवट-तपकिरी होते आणि तिची कडवट चव जिभेला झोंबते. समुद्राच्या पाण्याने पाइप धुवायला जाऊ नका, मीठ लाकडात मुरतं.

एवढं करूनही जीभ पोळली तर? पाइप बंद, जीभ पूर्ववत होईपर्यंत. साधारण चार-पाच दिवस ते आठवडा लागतो. चव कळणाऱ्या पेशी सुमारे दहा दिवसांत नव्या होतात, त्यामुळे तोवर जेवण सपक लागलं तर घाबरू नका. काशीदला जेवणात नेमकं झोंबणारंच जास्त असतं. सोलकढी एरवी कितीही थंडावा देवो, कोकमाच्या आंबटपणाने पोळलेल्या जिभेची आग आग होते. तिखट कालवण, लिंबू, गरम चहा टाळा. दहीभात, शहाळं, गार दूध, तूप-भात हे चालेल. मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा. बाजारातली झिणझिणणारी माउथवॉश वापरू नका, त्यांतलं अल्कोहोल आणखी चुरचुरतं. आणि या दिवसांत चुना-तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी पाइपची उणीव भरून काढू नका. पोळलेल्या अस्तरावर चुना लावणं म्हणजे जखम उघडी करणं.

आता यापुढचं नीट वाचा, कारण जिभेची प्रत्येक आग पाइपच्या चटक्याची नसते. वर्षानुवर्षं पाइप ओढणाऱ्यांच्या टाळूवर पांढरट जाडसर थर येतो आणि त्यात बारीक लाल ठिपके दिसतात. तो सततच्या उष्णतेचा परिणाम असतो, आणि बंद केल्यावर बहुधा ओसरतो. आंध्रात श्रीकाकुलमकडे चुट्ट्याचं, म्हणजे गावठी चिरुटाचं, पेटतं टोक तोंडात धरून ओढायची रीत आहे, तिथे टाळूचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळला. उष्णता आणि धूर एकाच जागी रोज पोचले की काय होतं, याचा तो उघड पुरावा आहे. जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो आणि पुसला जात नाही, जखम दोन आठवड्यांत भरत नाही, गाठ लागते, गिळताना दुखतं, कानात कळ येते, जीभ बाहेर काढताना एका बाजूला ओढली जाते, यातलं काहीही असेल तर 'पाइपने पोळली असेल' म्हणून थांबू नका.

आपल्या या किनाऱ्यावर सुपारीचा वापरही मोठा. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याला साधं वरणसुद्धा तिखट लागायला लागलं, तोंड पूर्वीसारखं उघडेनासं झालं, तर ती वेगळ्या आजाराची सुरुवात असू शकते. स्वतःची तीन बोटं उभी एकमेकांवर धरून समोरच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर डॉक्टर गाठा. पाइप ओढणाऱ्याने महिन्यातून एकदा आरशासमोर टॉर्च घेऊन जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, दोन्ही गाल आणि टाळू बघावा. जीभ बाहेर काढून टोक स्वच्छ फडक्यात धरायचं आणि आधी एका, मग दुसऱ्या बाजूला ओढायचं, म्हणजे मागची कड दिसते. शंका वाटली तर मुरूड किंवा अलिबागच्या सरकारी रुग्णालयात आधी दाखवा. पुढच्या तपासणीसाठी परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि खारघरचं त्याचं केंद्र आहे. सोडायचं मनात आलं तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. जीभ पोळल्यामुळे पाइप आठवडाभर बंद असतो, तेव्हाच तो फिरवा, कारण तलफेचे पहिले दिवस तोवर निम्मे सरलेले असतात.